सावित्री विद्यापीठाला चालते, मग मुलीला का नाही?

महाराष्ट्रात सावित्री हे नाव आज कुठेकुठे दिसतं ते बघा. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये ते दिलं गेलं. मुलींची वसतिगृहं, सभागृहं, बचतगट, सरकारी योजना, चौकातल्या कमानी, सगळीकडे आहे. ३ जानेवारी आली की शाळेशाळेत नऊवारी नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून छोट्या मुली स्टेजवर येतात आणि सावित्रीबाई होऊन भाषण करतात, टाळ्या पण दणकून पडतात. आता त्याच मुलींची खरी नावं विचारा. आराध्या, मायरा, कियारा, सानवी, अन्वी, शनाया, ओवी, स्वरा. सावित्री शोधून सापडणार नाही, आणि सापडलीच तर बहुतेक तिच्या पणजीचं नाव ठेवलेलं असतं आणि घरात हाक मारायला दुसरंच काहीतरी असतं.

अमेरिकेत दरवर्षी कुठलं नाव किती बाळांना ठेवलं याची सरकारी यादी निघते, आपल्याकडे तसं काही नाही, त्यामुळे उगाच टक्केवारी टाकत नाही. पण हजेरी ऐकणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा, सत्तरी-ऐंशीच्या बायकांमध्ये सावित्री भरपूर आहेत, चाळिशीत जेमतेम आणि पहिलीच्या वर्गात जवळजवळ नाहीतच. याला लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "अहो जुनं झालं ते नाव." मला हे पटत नाही. नाव जुनं झालं म्हणून गेलेलं नाहीये, आपण ते आदराने उचललं, पाटीवर नेऊन लावलं आणि घरातून मोकळं केलं. आणि ते परत घरात यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनेपणाचं म्हणाल तर गार्गी किती जुनी आहे? मैत्रेयी? दोघीही बृहदारण्यक उपनिषदातल्या. शिकलेल्या मराठी घरांमध्ये ही नावं गेली तीस-चाळीस वर्षं मजेत चालली आहेत, कोणी म्हणत नाही की अरे बापरे किती जुनं. अदिती ऋग्वेदातली, वैदेही रामायणातली, मुक्ता तेराव्या शतकातली. रमा आली, उमा आली, ईरा आली, जिजा हे नाव पण हल्ली अधूनमधून कानावर येतं. आनंदी तर पार आजीच्या पिढीत अडकलेली होती, २००८ साली सुरू झालेल्या एका हिंदी मालिकेतल्या बालवधूचं नाव आनंदी निघालं आणि ती एकदम गोड वाटायला लागली. म्हणजे जुनी नावं परत येतात, नीट येतात, आपल्याला हवी असली की.

आणि सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे गायत्री. ही दोन नावं शेजारीशेजारी ठेवून बघा. दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींच्या शेवटी 'त्री', म्हणजे एक उच्चारायला सोपं आणि दुसरं अवघड असं म्हणायला जागाच नाही. दोन्ही महाबळेश्वरच्या नद्या, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच मंत्राची नावं! ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला तो विश्वामित्राचा मंत्र (३.६२.१०) ज्या छंदात आहे तो गायत्री छंद, आणि ज्या देवाला उद्देशून आहे तो सवितृ, म्हणून मंत्राचं नाव सावित्री. मनुस्मृतीत या मंत्राला सावित्रीच म्हटलेलं आहे. छंदाचं नाव आजही मुलींना ठेवतात, देवतेवरून आलेलं नाव मात्र ठेवत नाहीत. मग हे जुनेपणाचं गणित कसं काय बसवायचं?

सवितृ म्हणजे सूर्याचंच एक रूप, पण नुसता उजेड देणारा नव्हे, तर हलवणारा, कामाला लावणारा, सकाळी सगळ्या जगाला उठवून चालतं करणारा. 'प्रसव' या शब्दातला जो धातू आहे त्यातूनच हा शब्द आला. (जाता जाता, सविता हे मुलींचं नाव आपण पिढ्यानपिढ्या ठेवत आलो पण संस्कृतात सविता हा पुल्लिंगी शब्द आहे, शेवटी 'आ' दिसला की बाई समजायची सवय, बाकी काही नाही.) म्हणजे सावित्री या नावात त्याग, सोशिकता, पातिव्रत्य असलं काही मुळात नाहीच, जे आहे ते चालना देणं आहे.

मग नाव गेलं का, तर माझ्या मते दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणं कोणी उघड बोलत नाही.

पहिलं कारण 'सती सावित्री'. हे दोन शब्द जोडीनं आले की ती शिवी नसली तरी टोमणा नक्की असतो. 'मोठी सती सावित्री लागून गेलीस' हे वाक्य मराठी घरात, कॉलेजात, ऑफिसात सगळीकडे ऐकू येतं. त्यात दर वटपौर्णिमेला सात जन्माचे तेच तेच जोक फिरतात, बायकांनी फेऱ्या मारल्या की पुरुष घाबरले वगैरे. अशा वातावरणात मुलीचं नाव सावित्री ठेवायचं म्हणजे पुढे तिला काय काय ऐकावं लागेल या विचाराने आईबाप कचरतात आणि ते मी समजू शकते. शिवाय स्त्रीवादी मैत्रिणींचा आक्षेप असतो की नवऱ्यासाठी यमाच्या मागे धावणाऱ्या बाईचं नाव आजच्या मुलीला कशाला.

पण यातल्या किती जणांनी ती गोष्ट महाभारतात आहे तशी वाचली आहे? वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ती सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती, त्याला मूल नाही, अठरा वर्षं व्रत करतो आणि देवीकडे मागतो काय तर पुष्कळ मुलगे. देवी देते मुलगी, वर त्याला सांगते की यावर काही बोलू नकोस. तो बोलत नाही, मुलीला देवीचंच नाव ठेवतो. पुढे मुलगी इतकी तेजस्वी होते की तिला मागणी घालायची कोणाची हिंमतच होत नाही (हे आजही होतं म्हणा) तर बाप म्हणतो तूच शोध बाई तुझा नवरा. ती रथात बसून म्हाताऱ्या मंत्र्यांना बरोबर घेऊन निघते आणि राज्य गेलेल्या, आंधळ्या राजाचा जंगलात राहणारा मुलगा पसंत करून येते. नारद सांगतात याचं आयुष्य एकच वर्ष आहे, बाप सांगतो दुसरा बघ, ती म्हणते नाही, हाच.

आणि यमाशी जे होतं त्यात रडारड नाही, पाया पडणं नाही. वादविवाद आहे. ती त्याच्याबरोबर चालत राहते आणि म्हणते सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते लोक सांगतात, म्हणजे आपण आता मित्र झालो, तर मित्र म्हणून ऐका. यम तिच्या बोलण्यावर खूश होऊन एकेक वर देत जातो, सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचं राज्य, वडिलांना शंभर मुलगे, मग तिला स्वतःला शंभर मुलगे (तिथेही मुलगेच, असो) आणि तो वर दिल्या दिल्या ती त्याला कात्रीत पकडते की नवरा नाही तर मुलं कुठून. सत्यवानाचे प्राण तिने युक्तिवाद करून सोडवले. यात वडाच्या फेऱ्या नाहीत, सात जन्माचं मागणं नाही, ते सगळं नंतरच्या व्रतकथांनी आणि रूढीने चिकटवलेलं आहे. स्वतःचा जोडीदार स्वतः निवडणारी, बापाशी, नारदाशी आणि शेवटी मृत्यूशीही न घाबरता बोलणारी बाई आपण सोशिकपणाची बाहुली करून टाकली आणि वर तिच्या नावाला नाकं मुरडतोय.

मनूचं म्हणणं इथे आणल्याशिवाय राहवत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलींची नावं कशी असावीत ते आहे, उच्चाराला सोपी, कानाला गोड, अर्थ स्पष्ट, शेवट दीर्घ स्वराचा. सावित्री या सगळ्यात फिट बसते. पण तिसऱ्या अध्यायात लग्नाला कुठल्या मुली टाळाव्यात त्या यादीत नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुली आहेत. मराठी माणसाने हा नियम पाळला असता तर आपल्या निम्म्या पणज्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या, कारण घराघरात गंगा, गोदावरी, यमुना, कृष्णा, भागीरथी, तुळशी. तरी नदीचं नाव सासरी गेल्यावर टिकेलच याची खात्री नसायची, आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचंही माहेरचं नाव यमुना होतं. लग्नात बदललं.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. सावित्री मंत्राची दीक्षा म्हणजे मुंज. ठराविक वयापर्यंत ती झाली नाही तर तो मुलगा 'सावित्रीपतित' म्हणजे बहिष्कृत होतो असं मनू म्हणतो. बायकांना हा मंत्र नाही, त्यांचं लग्न हीच त्यांची मुंज. शूद्रांना तर नाहीच नाही. म्हणजे शेकडो वर्षं असं चाललं की मुलीचं नाव सावित्री ठेवायला परवानगी, पण सावित्री तोंडातून उच्चारायला बंदी. नाव अंगावर मिरवायचं, त्यातली विद्या मात्र दुसऱ्याची. आणि मग १८३१ साली ३ जानेवारीला साताऱ्याकडच्या नायगावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी, माळी समाजात, एक मुलगी जन्माला येते, तिचं नाव सावित्री ठेवतात, नवव्या वर्षी तिचं लग्न होतं, नवऱ्याकडून अक्षर ओळख होते आणि १८४८ मध्ये ती पुण्यात भिडेवाड्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभी राहते. तिच्या अंगावर शेण का फेकलं गेलं ते कळायला यापेक्षा जास्त इतिहास लागत नाही. ज्या नावाची विद्या तिला वर्ज्य होती तेच नाव घेऊन ती दुसऱ्यांना विद्या वाटत होती, कोणालाही झोंबलंच असतं.

या दोन सावित्री एकमेकींसमोर ठेवून आपण कधी बघतच नाही. पहिलीने नवऱ्याला मरणातून परत आणलं. दुसरीचा नवरा २८ नोव्हेंबर १८९० ला गेला तेव्हा टिटवं (अंत्ययात्रेत पुढे धरतात ते मडकं) कोणी धरायचं यावरून वाद सुरू झाला आणि ते तिने स्वतः धरलं, अग्नीही तिनेच दिला. बाईने असं करायचं नाही हे पहिलीला पण सांगणारे होते आणि दुसरीला पण. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना तिला स्वतःला लागण झाली आणि १० मार्चला ती गेली. ती यमाच्या दारात गेली ती कोणा दुसऱ्याच्या पोरासाठी.

तर दुसरं कारण इथे येतं आणि ते जातीचं आहे. गार्गी, मैत्रेयी ठेवताना जे घर ज्ञानाची परंपरा वगैरे बोलतं त्या घराला सावित्री म्हटलं की ती 'त्यांची' वाटते, तिच्या मागे फुले हे आडनाव आपोआप ऐकू येतं. सगळेच असे आहेत असं मी म्हणत नाही, पण आहेत, आणि भरपूर आहेत. आणि दुसऱ्या बाजूलाही फार कौतुक करण्यासारखं नाही. जिथे भिंतीवर सावित्रीमाईंचा फोटो आहे, जिथे ३ जानेवारीला हार घातला जातो, गाडीवर 'सावित्रीची लेक' असा स्टिकर आहे, तिथेही बारशाला कागद निघतो तेव्हा कियारा आणि मायराच निघते. म्हणजे एका घराला ती आपली वाटत नाही आणि दुसऱ्या घराला ती इतकी मोठी वाटते की रोज हाक मारायला, रागवायला, "सावित्रे, दूध सांडलंस का परत" म्हणायला धजावत नाहीत. दोन्हीकडून परिणाम एकच.

ओझ्याचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. एवढ्या मोठ्या बाईचं नाव, मुलीला झेपेल का, सतत तुलना होईल का, गणितात नापास झाली तर कोणी ऐकवेल का की नाव सावित्री आणि मार्क बघा. ऐकवतीलच, आपले लोक आहेत. पण हे ओझं नाव दुर्मिळ आहे म्हणून आहे. वर्गात चार लक्ष्मी असताना कोणी लक्ष्मीला विचारत नव्हतं की तुझ्याकडे पैसे किती. वर्गात तीन सावित्री असल्या, एक भांडखोर, एक झोपाळू, एक कबड्डीतली, की नाव आपोआप हलकं होतं, माणसाचं होतं. आज ते फक्त पुतळ्यांचं आहे म्हणून जड लागतं.

हाक मारायला मोठं आहे म्हणाल तर साऊ आहे की, कित्येक लोक सावित्रीबाईंना प्रेमाने साऊच म्हणतात. सावी आहे, सावू आहे. परदेशात उच्चारायला अवघड जाईल हा तर हल्लीचा आवडता मुद्दा, मूल अजून रांगत नसतं आणि त्याच्या व्हिसाची काळजी सुरू. तर ऐका, १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली, १९३२ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि तिने नाव घेतलं सावित्री. संस्कृत, पुराणं वाचली आणि परमवीर चक्राचं डिझाइन केलं ते याच सावित्रीबाई खानोलकरांनी, त्यावरची इंद्राची वज्रं त्यांचीच कल्पना. युरोपात वाढलेल्या बाईला हे नाव जड गेलं नाही, आपल्याला का जावं.

नावांच्या वेबसाइट आणि अ‍ॅप यांच्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे कुठल्याही दोन-तीन अक्षरांचा अर्थ 'देवाची भेट', 'राजकुमारी' किंवा 'अद्वितीय' असतो आणि पुढे कंसात 'संस्कृत' लिहिलेलं असतं, कोश उघडून बघायची कोणाला गरज वाटत नाही. कियारा ठेवू नका असं मी म्हणतच नाहीये. कानाला छान वाटलं म्हणून ठेवलं म्हणा, तेवढं पुरेसं कारण आहे. पण मग 'आम्ही अर्थ बघून ठेवलं' असं सांगत सावित्रीला बिनअर्थाची जुनाट ठरवू नका एवढंच.

आणि नावाने काय होतं हा प्रश्न विचारणाऱ्यांना नकुशी आठवावी. नको असताना झालेली मुलगी, म्हणून नाव नकुशी किंवा नकुसा. पुढचा तरी मुलगा होईल या आशेने ठेवलेलं. ही नावं ज्या जिल्ह्यात सापडली तो सातारा, म्हणजे सावित्रीबाईंचं जन्मगाव ज्या जिल्ह्यात आहे तोच. सगळ्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. त्याच २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ नकुशींची नावं अधिकृतपणे बदलण्यात आली. नवी नावं मुलींनी निवडली. कोणी ऐश्वर्या झालं, कोणी वैशाली. आणि काहींनी सावित्री हे नाव घेतलं, तेव्हाच्या बातम्यांमध्ये ते आलेलं आहे. ज्या मुलींना आपलं नाव आपण निवडायची संधी मिळाली, नावाचा चटका काय असतो ते ज्यांना अंगावर माहीत होतं, त्यांच्यातल्या काही जणींना सावित्री जुनाट वाटली नाही की ओझं वाटली नाही. आपल्याला वाटते, कारण आपल्याला निवडायला हजार नावं आहेत.

आता तर कागदोपत्री पण गोष्ट बदलली आहे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारने ठरवलाय. म्हणजे आज जिचं नाव सावित्री ठेवाल ती उद्या आई झाली तर तिच्या पोरांच्या दाखल्यावरही सावित्री येईल.

राशीचं अक्षर काढून बसणाऱ्यांची पण सोय आहे. 'सा' हे शततारका नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर, रास कुंभ. ते आलं की सायली, सानवी, सान्वी, साईशा, सारा अशी यादी होतेच, त्यात एक ओळ सावित्रीची पण टाका आणि आत्याला सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायला सांगा. घरातले आधी हसतील. हसू द्या, आणि हसून झाल्यावर यादीतून ते नाव नेमकं कोण खोडतंय आणि काय कारण देतंय ते ऐका.